बाई आणि दुसरा टँकर

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या मशीनरूममध्ये एका स्विचवर पालथा हात ठेवून उभ्या होत्या. लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघतात, तशा. खांद्याला पर्स, गळ्यात स्कूटरवर तोंडाला बांधायचा स्टोल अर्धवट सोडलेला. मला वाटलं, कुणी तपासणीला आलंय.

"मॅडम, आपण?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवली नाही. उलट मलाच विचारलं, "हा कुणाशी बोलतोय?"

"आत्ता? आत्ता तर कुणाशीच नाही. राखीव आहे तो."

"मग तापलाय कामून?"

हा स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. कपाटात आडवी सरकवलेली चपटी लोखंडी पेटी. एका सर्व्हरचं बोलणं दुसऱ्या सर्व्हरपर्यंत पोचवायचं, एवढंच तिचं काम. आमच्या रूममधलं नेटवर्क मी सांभाळायचो, म्हणजे ते सगळे स्विच माझे. स्विच चालू असला की तापणारच, असं मी जरा मास्तरकीनं सांगितलं.

"त्येच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "बोलला तरी तेवढीच वीज खातो आन् गप बसला तरी तेवढीच. मग गप बसणाऱ्याला झोपू द्यावं ना. जागं ठेवून उपाशी थोडाच मारतो आपण त्याला? खाऊ घालून जागं ठेवतो."

मग म्हणाल्या, "मी आजपासून इथं हाय. तुमची नवी हेड. आन् मॅडम म्हणू नका. मॅडम म्हटलं की मला वाटतं माझ्या मागं कुणी तरी उभंय. बाई म्हणा."

तेव्हापासून त्या बाई. आमची कंपनी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत होती. आमच्याकडे गिऱ्हाइकांची कामं चालायची : एका मोठ्या खाजगी दवाखान्याची नोंदणी, काही पतसंस्थांचे हिशेब, एका साखर कारखान्याच्या उसाची वजनं, कॉलेजांचे निकाल. प्रत्येक कामाला वेगळं खरंखुरं यंत्र द्यायचे दिवस मागे पडले होते. एकेका सर्व्हरच्या पोटात कितीतरी आभासी, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरनं उभी केलेली, यंत्रं चालायची, आणि प्रत्येकाला वाटायचं की अख्खा सर्व्हर आपलाच. अशा आभासी यंत्राला चालू असतानाच एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर नेता येतं. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण कुठलं यंत्र कुठं ठेवायचं, हे आम्ही ठरवायचो कसं? जिथं जागा मोकळी दिसेल तिथं. आमच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. बाईंनी त्यावर आयुष्याची कितीतरी वर्षं घातली होती.

त्या गंगापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. ऊस आणि कापूस. घरात इंजिनिअर झालेली पहिली पोरगी. शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं, ह्याच प्रश्नावर शोधनिबंध लिहिले, आणि एके दिवशी राजीनामा देऊन आमच्याकडे आल्या. पगार कमी, प्रवास लांब. राहायला हर्सूलला, म्हणजे शहराचं एक टोक, आणि नोकरी दुसऱ्या टोकाला. का आलात असं विचारलं तर म्हणायच्या, "कागदावर लई बचत केली. एकदा मशिनीवर करून बघायची हाय."

डिग्री मोठी, इंग्रजी उत्तम, पण बोलणं गावचंच. पुण्याच्या साहेबांशी फोनवर असो की शिपायाशी, एकच भाषा. सुरुवातीला आमच्यातली काही शिकलेली मंडळी गालात हसायची. बाईंना ते दिसायचं. त्यांनी भाषा बदलली नाही. मंडळींचं हसणंच कधीतरी थांबलं.

चालू असलेली रिकामी गोष्ट त्यांना बघवायची नाही. दिवसा जळणारा दिवा, कुणी नसलेल्या खोलीतला पंखा, सिग्नलला गुरगुरणारी रिक्षा. त्या सरळ जाऊन विचारायच्या, "हे कशापायी चालूय?" एकदा औरंगपुऱ्यात त्यांच्याबरोबर चपला घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं भर दुपारी पाटीवरचे सगळे दिवे लावलेले. बाईंनी पाय चपलेत घालता घालता विचारलंच.

"बाजी, बिल तो मेरा है ना?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं दुकानदार हसत म्हणाला.

"बिल तुमचं. लाइट सगळ्यांची," बाई म्हणाल्या. "आमच्या गंगापूरला आत्ता गेलेली असंल."

दुकानदारानं हात जोडले आणि दिवे घालवले. आम्ही वळणावर पोचेपर्यंत ते परत लागले होते. बाईंनी मागं वळून पाहिलं, आणि वळल्याच. मी रस्त्याच्या कडेला चपलांची पिशवी धरून उभा. पाच-सात मिनिटांनी आल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण पुढं त्या गल्लीतून कितीदा गेलो, दिवसा ती पाटी पेटलेली मला तरी दिसली नाही.

आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मंगल कार्यालयाचा वरचा हॉल रिकामा आणि तिथली झुंबरं ढणाढणा जळत होती. बाई मुकाट्यानं वर गेल्या, बटणांचा फळा शोधला आणि दिसेल ते घालवलं. त्यातलं एक बटण खालच्या जेवणाच्या पंगतीचं होतं. अंधारात कुणाच्या तरी धोतरावर मठ्ठा सांडला. वरून बाईंचा आवाज आला, "माझ्यामुळं गेली! लावते!" चूक कबूल करायला त्यांना कधी वेळ लागायचा नाही, आणि चुकीनंतर गप्प बसायचंही त्यांना जमायचं नाही. परत खाली आल्यावर मठ्ठा पुसायला फडकं घेऊन त्याच वाकल्या, आणि पुसता पुसता कार्यालयाच्या मॅनेजरला सांगत होत्या की बटणांवर नावं लिहा.

ऑफिसात त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर आम्हाला उठवून पुन्हा बसवलं. आठवडाभर नुसत्या बघत होत्या, कोण कुणाला फोन करतं, कोण कुणाच्या टेबलाशी जाऊन उभं राहतं. मग एका सकाळी म्हणाल्या, "तुम्ही दोघं दिवसभर फोनवर एकमेकांशी भांडता आन् बसता दोन मजल्यांवर. समोरासमोर बसा आन् भांडा." हिशेबवाले आणि खरेदीवाले असे समोरासमोर आले. पहिले चार दिवस खरंच कडाक्याची भांडणं झाली. नंतर त्या दोघांचे निम्मे कागद फिरायचेच बंद झाले. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, "कोण कुणाशी बोलतं ते आधी बघा. जागा मग द्या."

हीच गोष्ट त्यांना मशीनरूममध्ये करायची होती. दोन आभासी यंत्रं सतत एकमेकांशी बोलत असतील आणि आपण एकाला रूमच्या ह्या टोकाला आणि दुसऱ्याला त्या टोकाला ठेवलं असेल, तर त्यांच्या प्रत्येक शब्दासाठी मधले सगळे स्विच जागे ठेवावे लागतात. त्यांना शेजारी आणलं की मधल्यांना झोपवता येतं. ऐकायला सोपं. पण चालत्या कामाला हात लावायचा म्हटलं की सगळे मागं सरतात. वर्षभर बाईंना कुणी हात लावू दिला नाही. वर्षभर त्या दर महिन्याला त्याच मागणीचं पत्र पुण्याच्या मुख्य ऑफिसला पाठवत राहिल्या.

ती दुष्काळाची वर्षं होती. एक कोरडं गेलं, त्याच्या पाठोपाठ दुसरं त्याहून कोरडं. हर्सूलच्या तलावाच्या तळाला भेगा पडल्या आणि पोरं तिथं क्रिकेट खेळू लागली. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. आणि ह्याच दिवसांत शहर मात्र चारी बाजूंनी वाढत होतं. वाळूजच्या रस्त्याला नव्या इमारतींच्या पाट्या लागलेल्या आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत 'चोवीस तास पाणी'.

आमची रूम पाण्यावर गार व्हायची. सर्व्हर आणि स्विच तापतात, ती उष्णता बाहेर टाकायला गच्चीवर पाण्याचा कूलिंग टॉवर होता, आणि त्यातलं पाणी दिवसभर वाफ होऊन उडून जायचं. वसाहतीचं पाणी कमी झालं तसा आमचा एक टँकर सुरू झाला. होळीनंतर दुसरा. मग पुण्याहून साहेबांचा फोन आला. हे साहेब म्हणजे कंपनीचे संचालक. माणूस वाईट नव्हता, पण सगळं कोष्टकात बघणारा. ते म्हणाले, "दोन टँकरवर डेटा सेंटर चालत नाही. जूनमध्ये सगळं पुण्याला हलवू. लोकांचं काय करायचं ते नंतर ठरवू." ते 'लोक' म्हणजे आम्ही.

बाई म्हणाल्या, "मला उन्हाळा द्या. दुसरा टँकर मी बंद करते."

"कसा?"

"वर्षभर लिहितेय की तुम्हाला. आता वाचा."

साहेबांनी उन्हाळा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर रिकामा होऊन निघाला तशी बाईंनी स्कूटर काढली आणि मला म्हणाल्या, "बस मागं. हे पाणी येतं कुठून ते बघू." मी हेल्मेट सावरत मागं बसलो. गंगापूरच्या रस्त्यानं टँकर पुढं आणि आम्ही मागं, धूळ खात. गावाच्या अलीकडं तो आत वळला. एका शेतातली विहीर होती, खोल आणि बरी भरलेली. मालक पाणी विकत होता. शेजारच्या वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन बाभळीच्या सावलीला बसलेल्या. सरकारी टँकर आला तर आला. नाही आला तर हा मालक आमचा टँकर भरून झाल्यावर प्रत्येकीला दोन हंडे भरू द्यायचा. त्याचंही चूक म्हणता येत नव्हतं, तो फुकट देत होता.

बाई त्या बायांत जाऊन बसल्या. कुठल्या, कुणाच्या, माहेर कोणतं, अशा ओळखी निघाल्या. एकीनं विचारलं, "तुमचं काय हाय तिथं वाळूजला? दवाखाना हाय का?"

"नाय. मशिनी हायत. हिशेबाच्या."

"मंग पानी कशाला लागतं?"

"तापतात. गार ठिवाव्या लागतात."

ती बाई खळखळून हसली. दुसरीला म्हणाली, "आगं, मशिनीला उन्हाळा लागतो म्हनं." सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. त्या हसण्यात टोचणं नव्हतं; खरंच गंमत वाटली होती त्यांना. मग टँकर भरला, नळी काढली आणि बाया हंडे घेऊन उठल्या.

परत आल्यावर कंपनीच्या फाटकात उतरून बाई स्टोल सोडत म्हणाल्या, "तुझा ह्या कामाला विरोध हाय ना?"

मी म्हणालो, "आहे. स्विच बंद करायचे म्हणजे राखीव वाटा बंद करायच्या. एखादी तुटली तर?"

"झकास. मग आजपासून तू विरोधातच राहा. मी काय बी हलवायचं म्हणलं की तू कारण सांगायचं, का हलवू नये. कारण खरं निघालं तर मी थांबीन. पण 'भीती वाटते' हे कारण नाय."

अशी नेमणूक माझी आयुष्यात दुसरी झाली नाही. पंधरा-वीस दिवस आम्ही नुसतं ऐकलं, कोण कुणाशी किती बोलतं. निघालं ते बघून मलाच लाज वाटली. साखर कारखान्याचं काम दोन आभासी यंत्रांवर चालायचं, एक विचारणारं, एक उत्तर देणारं. ती दोघं रूमच्या दोन टोकांना. दिवसाकाठी त्यांचं लाखो वेळा बोलणं व्हायचं आणि प्रत्येक वेळी ते सगळ्यात वरच्या, सगळ्यात मोठ्या स्विचपर्यंत चढून परत खाली उतरायचं. का? तर ज्या दिवशी ती बसवली त्या दिवशी तिथं जागा मोकळी होती.

बाईंनी हलवाहलव सुरू केली. सगळे अशी कामं मध्यरात्रीनंतर करतात. बाई म्हणाल्या, "दिवसा करायचं. रात्री केलेली चूक सकाळपर्यंत कुणाला दिसत नाय." मी रोज भांडायचो. काही वेळा माझं कारण टिकायचं, तेव्हा त्या लगेच "बरोबर" म्हणून पुढच्या यंत्राकडं वळायच्या. हरल्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही त्यांनी, आणि जिंकल्याचा आनंदही कधी दाखवला नाही. दुपारी डब्यातली भाकरी उभ्यानं खायची आणि पुन्हा पडद्यासमोर. मे लागला तेव्हा बडबड करणारी बहुतेक यंत्रं एकमेकांच्या शेजारी आली होती आणि रूमचं एक टोक रिकामं व्हायला लागलं होतं.

आणि मग एका दुपारी एका रॅकची वीज गेली. रॅक म्हणजे सर्व्हरचं उभं कपाट. त्या कपाटाला येणाऱ्या लाइनीत बिघाड झाला आणि आतलं सगळं एका क्षणात बंद. अशा वेळेसाठी दवाखान्याच्या नोंदणीचं एक मुख्य यंत्र होतं आणि एक बदली. मुख्य पडलं की बदलीनं काम उचलायचं. पण बदली यंत्राला मुख्याचं सगळं सतत ऐकत राहावं लागतं. त्यामुळं आमच्या मोजणीत ती दोघं रूममधली सगळ्यात बोलकी जोडी ठरली होती. बाईंनी त्यांना शेजारी बसवलं होतं. त्याच रॅकमध्ये.

दवाखान्याची नोंदणी बंद पडली. मे महिन्याची दुपार आणि बाहेर रांग. बाईंनी दोन मिनिटांत सगळ्यांना कामं वाटून दिली, मला म्हणाल्या, "तू लाइन बघ," आणि स्कूटर घेऊन गेल्या. मला वाटलं पुण्याला फोन करायला कुठंतरी बाजूला गेल्या असतील.

दोन-अडीच तासांनी सगळं उभं राहिलं. दवाखान्यातलं नीट चाललंय का ते बघायला मी तिकडं गेलो, तर नोंदणीच्या खिडकीत बाई बसलेल्या. दवाखान्याच्या मुलीबरोबर त्या दुपारभर हातानं केसपेपर लिहीत होत्या. यंत्र सुरू झालं होतं, पण रांग इतकी वाढली होती की एक खिडकी अजून हातावरच चालू होती. समोर कन्नड तालुक्यातले एक म्हातारे बाबा.

"वय?"

"लिवा साठ. नायतर पासष्ट."

"कशाला आलात?"

"पोटात दुखतंय. बाई, तुम्ही नव्या का?"

"आजच्यापुरती."

"मशीन बंद पडलं म्हने?"

"व्हय. माझ्यामुळं."

बाबांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही पाडलं?"

"दोघांना एका जागी बसवलं होतं. ती जागाच गेली."

"आसं व्हतं," बाबा म्हणाले. "लिवा, लई दुखतंय."

दवाखान्याचे मॅनेजर मागे उभे राहून सगळं ऐकत होते. दुपारी त्यांनी आमची कंपनी सोडण्याची धमकी दिली असती, संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "परत होणार नाही ना?" बाई म्हणाल्या, "हे होणार नाय. दुसरं काय होईल ते मला म्हाईत नाय. पण झालं तर मी येईन." मॅनेजरांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. आम्ही सगळे बाईंच्या टेबलाभोवती उभे. साहेब म्हणाले, "मॅडम, प्रयोग पुरे झाले. सगळं पूर्वी होतं तसं करा."

"पूर्वीसारखं केलं तर टँकर बी पूर्वीसारखे राहतील."

"जूनमध्ये हलवतोच आहोत की आपण."

"साहेब, चूक माझी हाय. मला काढायचं तर काढा. पण काम पुरं झाल्यावर काढा. अर्ध्यात काढलं तर दोन्ही गेलं, पाणी बी आन् दवाखाना बी."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज. "महिनाअखेरपर्यंत," साहेब म्हणाले, आणि फोन ठेवला.

बाई उठल्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'एकमेकांशी बोलणारे जवळ. एकमेकांची जागा घेणारे लांब.'

माझं काम विरोधाचं. मी म्हणालो, "बाई, बदली लांब नेली की तिचं बोलणं परत सगळ्या स्विचांतून जाणार. वाचवलंय त्यातलं काही परत जाईल."

"जाईल. तेवढं देऊ. आन् लांब म्हंजी पुण्याला नाय. शेजारच्याच रॅकमधी, फक्त वीज दुसऱ्या लाइनीची. तुझा एक स्विच जास्त जागा राहील. राहू दे. त्याला विचारलं, कशापायी चालूय, तर त्याच्यापाशी उत्तर हाय."

आम्ही पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक कामाची बदली कोण, ती कुठं, कुठल्या लाइनीवर. मी त्या दिवसांत जितका बाईंशी भांडलो तितका घरात कुणाशी भांडलो नसेन. आणि खरं सांगायचं तर, विरोधातला माणूस असूनही मला आता तो टँकर बंद व्हायलाच हवा होता.

हे काम पुढं टिकलं का, असं लोक विचारतात. काही वर्षांनी ती रूम पुण्याला गेलीच. तेव्हा पाण्याचं नव्हे, धंद्याचं कारण होतं. बाई पुन्हा शिकवायला लागल्या, पॉलिटेक्निकच्या पोरांना. मी मोठमोठ्या ठिकाणी कामं केली, जिथं यंत्रं कुठं बसवायची हे यंत्रंच ठरवतात. पण फळ्यावरच्या त्या दोन ओळी मी जिथं गेलो तिथं पहिल्या दिवशी सांगितल्या. अजून कुणी त्या खोडून काढलेल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात, साहेबांनी दिलेल्या महिनाअखेरीच्या आत, एका दुपारी बाई मला म्हणाल्या, "तुझे स्विच हायत. तूच बंद कर." मी रूमच्या रिकाम्या टोकाला गेलो आणि एकेक करून अख्खी रांग बंद केली. मोकळे झालेले सर्व्हर आधीच बंद होते. हिरवे दिवे गेले, पंखे फिरायचे थांबले आणि रूमचा आवाज खाली आला. इतक्या वर्षांत मी त्या रूममध्ये कधी हळू बोललो नव्हतो; त्या दिवशी बोलता आलं. गार हवा आता फक्त जाग्या टोकाला सोडायची होती. बाईंनी बंद स्विचवर पालथा हात ठेवला, निवेपर्यंत तसाच ठेवला, आणि मग बाहेर गेल्या.

आठवडाभरात गच्चीवरची टाकी एका टँकरवर पुरायला लागली. बाईंनी टँकरवाल्याला स्वतः फोन केला, "उद्यापासून दुसरी खेप नको."

आम्ही पेढे वाटले. पुण्याहून सगळ्यांना अभिनंदनाचा मेल आला, रूम तूर्त हलवत नाही असंही त्यात होतं. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण तीन-चार दिवसांनी बाई हर्सूलला घरी जात असताना त्यांना आपला टँकर एका नव्या इमारतीच्या बांधकामावर उभा दिसला. त्यांनी स्कूटर आडवी घातली.

टँकरवाला खाली उतरला. "बाई, खेप तर करावीच लागंल ना? घरी लेकरं हायत."

"तुझं चूक नाय," बाई म्हणाल्या. "तुला वस्तीवर खेप टाकायला सांगितली तर टाकशील?"

"पैसे कोन देनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब खुशीत होते. बाई म्हणाल्या, "साहेब, दुसऱ्या टँकरचे पैसे चालू ठेवायचे."

"का? पुन्हा लागायला लागला?"

"आपल्याला नाय. तो विहिरीशेजारच्या वस्तीवर जाईल. पाऊस पडेस्तोवर."

"मॅडम," साहेब सावकाश म्हणाले, "मग आपण वाचवलं काय?"

"पाणी. मी पाणी वाचवते म्हणाले होते. पैसे वाचवते असं मी म्हणाले कधी?"

आम्ही एकमेकांकडं बघत होतो. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, रिसीव्हर कानाला, जणू उत्तर येईपर्यंत दिवसभर बसायची तयारी आहे. शेवटी साहेब म्हणाले, "पावसापर्यंत. त्यानंतर एक दिवसही नाही."

टँकर वस्तीवर जायला लागला. त्या वर्षी पाऊस लांबला, आणि साहेबांनी शब्द पाळला. मला वाटायचं, एकदा जाऊन बघून यावं. हंडे भरताना बघावं. त्या हसणाऱ्या बाईला सांगावं. मी दोन-तीनदा विचारलं, "बाई, वस्तीवर जाऊन यायचं का? रविवारी?"

बाई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "कशाला? पोचतं का ते टँकरवाल्याला विचार. आपण गेलो की त्या बाया आपल्याला चहा करणार. नको म्हणलं तरी करणार. आन् चहाला पाणी लागतं."